गोदूच्या नावचं कार्ड

कार्तिकात भाताची झोडणी चालली होती. पोस्टमन काळूराम खळ्यावर आला आणि भागोजीपुढे एक कार्ड धरून म्हणाला, "बुवा, एवढं वाचा बरं. सगळं गाव पालथं घातलं, ही बाई कुणाची ते कुणी सांगना."

भागोजी काही बुवा नव्हता. अंबाजीबुवांच्या कीर्तनात तो मागे उभा राहून झांजा वाजवायचा, एवढंच. पण रेवदंड्याच्या अलीकडच्या त्या गावात ज्याला अक्षर वाचता यायचं आणि चार अभंग पाठ असायचे त्याला बुवाच म्हणत.

कार्ड आरोग्यखात्याचं, गोदू चांगदेव हिच्या नावचं होतं. खाली गावाचं नाव बरोबर. मजकूर एवढाच, की तपासणीत डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला आहे, मिश्री लावणं बंद करावं आणि महिन्याच्या आत अलिबागेस डॉक्टरांना दाखवावं.

"गोदू न्हाय रे आपल्याकडं," भागोजी म्हणाला. "एक म्हातारी होती, ती शिमग्यात गेली."

"मग काय वर जाऊन मिश्री लावतेय म्हणायची."

दोघं हसले. काळूरामने कानावरची पेन्सिल काढली, कार्डावर 'तपास लागत नाही' असं लिहिलं आणि सायकल वळवली. भागोजीने पुन्हा पेंढी उचलली. पण ते कार्ड काही मनातून जाईना. कुठं कुणाची बाई असेल, चूल फुंकत बसली असेल, तिला ठाऊकही नसेल.

एकादशीला देवळात कीर्तन झालं. अंबाजीबुवा त्या वर्षी पूर्वरंगातच मिश्रीवर घसरायचे. सरकारची माणसं चित्रं घेऊन येऊन गेली होती आणि बुवांनी ते सगळं आपल्या रसाळ वाणीत घेतलं होतं. "ज्या तोंडानं हरीचं नाव घ्यायचं, त्याला जळकी तंबाखू कशाला फासता गं बायांनो?" असं म्हणून ते असा काही चेहरा करत की बायका पदर तोंडाशी धरून हसत. भागोजीच्या बायकोनेही मिश्रीची डबी चुलीत रिकामी केली होती. तशी ती हल्ली पेज निववून प्यायची, कालवण तिखट लागतं म्हणायची. मिश्री सुटली की असं होतं, असं बायका म्हणत.

आरतीआधी भागोजी बुवांच्या कानाशी लागला. कार्डाचं सांगितलं. नाव मात्र तोवर तो विसरला होता. बुवांनी हात जोडले. "मंडळी, कुठं तरी एक माउली आजारी हाय. आपल्याला तिचं नाव ठाऊक न्हाय, देवाला हाय. तिच्यासाठी एकदा गजर करा." साऱ्या देवळाने विठ्ठलाचा गजर केला. भागोजीने झांजा जीव तोडून वाजवल्या. बायकांच्या बाजूला त्याची बायकोही डोळे मिटून, हात जोडून बसली होती.

चैत्रात आरोग्यखात्याचा शिवदास आला. भागोजीच्या ओटीवर बसून त्याने दोन वह्या उघडल्या. तिकडे दक्षिणेला, हरिहरेश्वराच्या बाजूला, खात्याने घरोघर तोंडं तपासली होती. इकडे नुसती व्याख्यानं, चित्रं, कीर्तनं. कुठली तऱ्हा अधिक कामाची ते ताडून बघायचं होतं.

"मिश्री तुमच्याकडं जास्त सुटली," शिवदास म्हणाला. "चट्टे तिकडं जास्त सापडले. इकडं कुणी तोंडात बघितलंच नाही ना. बाकी सगळा मेळ लागला, हे एक कार्ड तेवढं परत आलं. ही गोदू..."

भागोजीची बायको पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "ते माझं माहेरचं नाव."

बोलता बोलता सगळं उलगडलं. भादव्यात ती भावजयीच्या बाळंतपणाला माहेरी, हरिहरेश्वराला गेली होती. तपासणीवाल्याने नवऱ्याचं नाव विचारलं. ती मान खाली घालून उभी राहिली. नवऱ्याचं नाव कसं घेणार? घरात बाळंतीण आणि तिची आंधळी म्हातारी आई. म्हातारीने लेकीचं नाव सांगितलं, आपल्या मेलेल्या नवऱ्याचं सांगितलं, सासरचं गाव सांगितलं. जावयाचं नाव तिला त्या घटकेला आठवलंच नाही.

चांगदेव लग्नाआधीच वारलेले. कन्यादान मामाने केलं. भागोजीने ताटातल्या तांदळावर अंगठीने सत्यवती असं नाव काढलं होतं, बारा वर्षांपूर्वी. त्यानंतर तेही कधी लागलं नाही. 'अगं'वर भागत होतं.

शिवदासने तिला उजेडाकडे वळवलं, बॅटरी लावली आणि गालाच्या आत पाहिलं. मग बॅटरी विझवून तो वह्या पिशवीत भरू लागला. "उद्या अलिबागला नको. थेट मुंबईला जा," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट बघत दोघं बसली. बोचकं मध्ये. भरती लागली होती. भागोजीला काहीच वाटत नव्हतं. खळ्यावर दिवसभर झोडून हात बधिर होतात, तसं आतलं सगळं झालं होतं. समोरच्या होडीवर कावळा बसला होता, तो उडाला, परत बसला. भागोजी त्याच्याकडे बघत राहिला.

"कार्ड तुमच्या हातात आलं होतं?" तिने विचारलं.

"व्हय. मीच न्हाय म्हटलं. हसलो पण."

ती तोंडाच्या डाव्या बाजूला पदर धरून होती. मग म्हणाली, "त्या एकादशीला बुवांनी कुणा माउलीसाठी गजर केला. ती मीच का?"

"तूच."

"मी पण म्हटला तो. लई जोरात म्हटला."

लाँच आली. मुंबईच्या दवाखान्यात खिडकीपाशी दुपार झाली. आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "बाईचं नाव?"

ती सवयीने खाली बघू लागली. भागोजी पुढे सरकला.

"लिहा, सत्यवती भागोजी. आणि खाली लिहा, माहेरची गोदू चांगदेव."

"एकच लिहितात हो इथं."

"दोन्ही लिहा," भागोजी म्हणाला. "मी थांबतो." आणि त्या माणसाने दोन्ही लिहीपर्यंत तो खिडकीचा गज धरून उभा राहिला.