खोट नसलेली जागा

कात्रीने संडासाच्या दारात गुडघे टेकले, गळ्यातली टेप काढली आणि चौकट मोजली. हॉलचा व्यवस्थापक किल्ल्यांचा जुडगा बोटावर फिरवत मागे उभा होता.

"मॅडम, या हॉलमध्ये मोठमोठे समारंभ झालेत. आजवर कुणी संडासाचं दार मोजलं नाही."

"चाकाची खुर्ची आत जाणार नाही."

"आणि बाहेर पायऱ्या आहेत, त्या तर तुम्ही धरल्याच नाहीत. पण काळजी नको. चार माणसं लावू, खुर्चीसकट उचलू."

"उचलायला ती काय कपाट आहे?" कात्री म्हणाली आणि टेप गुंडाळत बाहेर पडली.

गाडीत नवऱ्याने तिचा चेहरा पाहिला आणि गाडी सुरू केली. पहिल्याच सिग्नलला त्याला राहवलं नाही.

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं."

"तू गप्प बस."

जुने कपडे दुरुस्त करणाऱ्यांचा त्यांचा फोनवर ग्रुप होता. फाटलेल्या बाह्या, विरलेली कोपरं, त्यांचे फोटो आणि त्यावर कडाक्याचे वाद. चार वर्षांत कुणी कुणाला पाहिलं नव्हतं, कात्री, गुंडी अशी टोपणनावं आणि फोटोतले हात तेवढे माहीत. आता सगळ्यांनी भेटायचं ठरलं आणि जागा शोधायचं काम कात्रीच्या गळ्यात पडलं. गुंडी चाकाच्या खुर्चीत असते हेही तेव्हाच कळलं. मग गुंडीचा नन्नाचा पाढा सुरू झाला. एका ठिकाणची लिफ्ट अरुंद, दुसरीकडचा उतार घसरगुंडीसारखा. खोटही अशी काढायची, की वाद घालायला जागा नाही.

"तिला व्हिडिओवर घेऊ या," ग्रुपवर कुणीतरी सुचवलं.

"मग तुम्ही सगळेच व्हिडिओवर या," कात्रीने लिहिलं. गुंडीशिवाय भेटण्यात तिला काडीचा रस नव्हता. आई गेली त्या महिन्यात गुंडी रोज दुपारी तिला एखादा उसवलेला काठ पाठवायची, हा कसा शिवू म्हणून. गुंडीला तो उत्तम शिवता यायचा.

शेवटी एका प्रशिक्षण संस्थेचं सभागृह मिळालं. सगळं तळमजल्यावर, कुठेही उंबरा नाही. कात्री तिथल्याच चाकाच्या खुर्चीत बसून संडासापर्यंत जाऊन, आत वळून आली. फोटो पाठवले. गुंडीचं उत्तर आलं, "छान आहे." पुढे काहीच नाही.

संध्याकाळी फोन वाजला. आवाज अनोळखी, जरा घोगरा.

"कात्री ना? मी गुंडी."

"बोल. आता काय, छत खाली आहे?"

"यात खोट सापडली नाही. म्हणून तर फोन केला." ती थांबली. "मला यायचं नाहीये. आधीपासूनच नव्हतं."

कात्री शिलाईच्या मशीनसमोर मटकन बसली.

"का पण?"

"सगळे नीट वागाल माझ्याशी. हळू बोलाल, दार धराल. खुर्चीचं कळल्यापासून ग्रुपवर मला कुणी 'उसव, परत शिव' म्हटलं नाही. पूर्वी आठवड्यातून दोनदा ऐकायचे."

समजून घ्यायला हवं होतं. कात्रीला तेही कळत होतं. पण डोकं फिरलं ते फिरलंच.

"आणि मी गावभरच्या संडासांत गुडघे टेकत फिरले, त्याचं काय? आधी तोंड उघडायला काय झालं होतं? शिलाईची गिऱ्हाइकं बोंबलतायत माझ्या नावाने! आणि ऐकायचंच आहे ना, तर ऐक. तो तुझा निळा कोट. कोपराचा रफू भिकार झालाय. सगळ्यांनी वा वा केली, मीही केली. ताण चुकलाय, महिन्याभरात फाटेल!"

बोलून झाल्यावर तिने जीभ चावली. नवरा दारात येऊन उभा राहिला, तिने त्याला हातानेच घालवलं.

"हे तिथे म्हणशील?" गुंडीने विचारलं. "सगळ्यांसमोर?"

कात्रीने आवाज चढाच ठेवला.

"कोट घेऊन ये. तिथेच उसवायला बसवते."