आगीत राहणाऱ्याची साक्ष

त्या मंगळवारी भट्टीत बत्तीस दगड तापत होते. एक फुटला. एकतीस शाबूत राहिले.

मित्रांनो, त्या एकतिसांतला मी एक जुना दगड आहे. सवाईई बेटावरच्या ज्वालामुखीतून मी वाहत आलो, थंडावलो, आणि गेली चाळीस वर्षे फुआतिनो या बाईच्या परसातल्या भट्टीत राबतो आहे. खाली लाकडे पेटतात, आम्ही काजळी जळून पांढरे पडेपर्यंत तापतो. मग निखारे बाजूला सारून आमच्यावर नीरफणस, अळूचे कंद, मासळी मांडतात आणि केळीच्या पानांनी झाकतात. तासाभराने घर जेवते. फुआतिनोचा धाकटा भाऊ इओएलु मला काठीच्या चिमट्याने उचलून नेहमी मधोमध ठेवतो आणि म्हणतो, "हा म्हातारा कधी दगा देत नाही." माझ्या वाट्याला आलेली स्तुती एवढीच. जेवण झाल्यावर दगडाची आठवण कोणी काढत नाही.

दर रविवारी चर्चच्या उघड्या खिडक्यांतून नरकाचे वर्णन माझ्यापर्यंत येते. न विझणारी आग, न संपणारी शिक्षा. वर्णन करणाऱ्यांपैकी कोणी आगीत क्षणभरही बसलेला नाही. मी बसलो आहे. म्हणून माझी साक्षही नोंदवावी.

त्या मंगळवारच्या आदल्या रविवारी फुआतिनोचा मुलगा पेसामिनो बुडाला. रविवारी मासेमारी करायची नाही, हा गावाचा नियम. पण शनिवारी लावलेले जाळे वाऱ्याने प्रवाळावर ओढले जात होते. ते सोडवायला तो उपासनेच्या वेळी गेला आणि लाटेने त्याला नेले. मंगळवारी दफन होते. गाव जेवायला येणार, म्हणून भट्टी मोठी केली होती. अंगणात माणसे जमत असतानाच तोफेसारखा आवाज झाला आणि निखारे दूरवर उडाले.

चर्चचे पंच तिआलावेआ उठून उभे राहिले. "बघितलंत? उपासना मोडून गेला. पश्चात्तापाला दोन क्षण मिळाले नाहीत. पोरगं कुठं पोचलं ते आगीनंच सांगितलं!"

फुआतिनोने ते ऐकले, आणि त्या दिवसापासून शिजवलेले अन्न सोडले.

"आक्का, दोन घास तरी खा," इओएलु तिला गुरुवारी म्हणाला. "नुसत्या शहाळ्यावर किती दिवस काढशील?"

"माझं लेकरू आगीत आहे. आगीवरचं मी कसं गिळू?"

"कोण म्हणतं आगीत आहे?"

"तुझी भट्टी म्हणाली."

शुक्रवारी ती खांब धरल्याशिवाय चालू शकेना.

मित्रांनो, मी हजारो वेळा तापलो आहे. त्यांतली प्रत्येक आग विझली. लाकूड संपले की आग संपते. तिच्यापुढे दुसरा मार्ग नसतो. आणि ती पेटवणाऱ्यांपैकी कोणीही, कोणाला नुसते भाजत ठेवावे म्हणून ती पेटवली नव्हती. कंद शिजला की बाहेर काढतात. शिजल्यानंतरही तो सदासर्वकाळ आत ठेवणाऱ्या स्वयंपाक्याला या गावात कोणी शहाणा म्हणणार नाही, दयाळू तर मुळीच नाही. नरक आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. मी तो पाहिलेला नाही. परंतु माझ्या शेजारच्या दगडाच्या नावाने खोटी साक्ष दिली गेली, आणि ती मला मान्य नाही. कोणी कितीही उंच आसनावरून दिली तरी मान्य नाही.

इओएलुलाही मान्य नव्हती. त्याने राखेतून तुकडे वेचले आणि चटईवर एकमेकांना जुळवून पाहिले. आम्ही जुने दगड सच्छिद्र. हा गुळगुळीत, घट्ट, वजनदार. तो उठला आणि पंचांच्या दारी गेला.

"पंच, भट्टीत हे गुळगुळीत दगड कुठून आले?"

"ओढ्यातून. दगड कमी पडत होते, म्हणून त्याच सकाळी मी सहा आणवले. उपकार विसरलास वाटतं?"

"कसा विसरेन? उद्या सकाळी कोको प्यायला या. आक्काच्या परसात."

शनिवारी इओएलुने ओढ्यातून तीन दगड उचलून आणले; त्यांच्यावरचे पाणीही वाळले नव्हते. शेजारी मंगळवारच्या सहांपैकी न फुटलेल्या पाचांतले, तेव्हाच तापून कोरडे झालेले तीन ठेवले. पंचांना आणि जमलेल्या गावकऱ्यांना माडांच्या मागे उभे करून त्याने आग लावली. आम्ही जुने दगड बाजूच्या ढिगात होतो. मला स्पष्ट दिसत होते. पहिला ओला दगड फुटला.

इओएलुने माडाआडून मान बाहेर काढली. "आता कोण गेलं, पंच? गावात तर सगळे धडधाकट दिसतायत. हजेरी घेऊ का?"

"देवाशी खेळतोयस तू!"

"देवाशी कुठं? तुमच्या ओढ्याशी."

दुसरा ओला दगडही फुटला. "आणि हा कुणाच्या नावाचा? तुम्ही बरे आहात ना?"

माणसे हसली. पंच हसले नाहीत. तिसऱ्या ओल्या दगडाला तडा गेला. कोरडे तीन जसेच्या तसे राहिले.

फुआतिनो खांबाला टेकून बसली होती. तिने विचारले, "पंच, दगडाचं कळलं. माझ्या लेकराचं तुम्हांला काय माहीत, तेवढं सांगा."

पंचांनी हातातला पेला खाली ठेवला. "ते देवालाच माहीत."

"मग मंगळवारी तुम्ही का सांगितलंत?"

ती भावाकडे वळली. "अरे, निखारे फुकट कशाला घालवतोस? ते जुने दगड घाल, कंद भाज. नारळाचं दूधही काढ. पोटात नुसती आग पडलीय."

मधोमध मलाच ठेवले. तिने दोन कंद खाल्ले आणि तिसरा मागितला.

मित्रांनो, भट्टीसाठी दगड नीट पारखून घ्या, आणि कोणाच्या दुःखावर बोट ठेवून काही सांगण्यापूर्वी राख चाळून पाहा. दगड फुटला त्याचे कारण असे: तो त्याच सकाळी ओढ्यातून काढला होता. त्याच्या बारीक भेगांत पाणी होते. तापल्यावर त्या पाण्याची वाफ झाली. तिला बाहेर पडायला वाट नव्हती.