दोघी वर, दोघी मागे

सातवा सामना आम्ही पाच-शून्यने हरलो आणि परतताना बसमध्ये कुणीतरी गाणी लावली. मला त्या गाण्यांचा इतका राग आला की मी उठून मागच्या सीटवर गेले, मग पुढे आले, मग दारापाशी जाऊन उभी राहिले. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, एका जागी बसा, नाहीतर गाडी तुम्हीच चालवा." बसले मी. पाय मात्र हलतच राहिला.

आमच्या कॉलेजचा मुलींचा फुटबॉल संघ आधी असा सपाटून मार खाणारा नव्हता. एकोणीस वर्षं माझे बाबा कोच होते. रेषेबाहेर उभं राहून ते नव्वद मिनिटं ओरडत. "वर!" म्हटलं की सगळ्या वर, "मागे!" म्हटलं की सगळ्या मागे, डोक्याचं काम नव्हतं, कानांचं होतं. मुली त्यांना पाठीमागे भोंगा म्हणायच्या. मीही म्हणायचे, घर सोडून.

या वर्षी ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक बाई आल्या. पस्तिशीच्या, केस बारीक कापलेले. सरावात दहा वेळा समजावतील, पण सामना सुरू झाला की बेंचवर बसून वहीत लिहीत राहणार, तोंडातून चकार शब्द नाही. आठवड्याभरात त्यांचं नाव मुकी पडलं.

पहिले तीन सामने आम्ही निव्वळ सवयीने घालवले. बॉल पायाशी आला की प्रत्येकीची मान बेंचकडे वळायची, तिथून काहीच ऐकू यायचं नाही, आणि तोवर बॉल दुसऱ्याच कुणाच्या पायात असायचा. पण सवय काय, आज ना उद्या सुटली असती. पुढचे सामने हरलो ते माझ्यामुळे.

त्याचं असं झालं. निवृत्तीनंतर बाबांना घर खायला उठलं. कपाट उघडायचं, बंद करायचं, खिडकीशी जायचं, परत यायचं. आईने त्यांना गळका नळ दिला, पंख्याची पाती पुसायला दिली, शेवटी हात टेकले. "एकोणीस वर्षं लोकांच्या मुलींवर ओरडलात," ती म्हणाली, "आता माझ्या भांड्यांवर नको." जेवणावरून ते अर्ध्यातून उठायचे. महिन्याभरात पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं.

तिसरा सामना हरून आले तेव्हा मी जेवताना बोलून गेले की मुकी बचावफळीच्या चौघींना मागे, गोलपाशी थांबायला लावते. बाबांचा घास हातातच राहिला.

"मागे? अगं, बचाव वर पाहिजे! पार मैदानाच्या मध्यापर्यंत!" त्यांनी पेला, मीठदाणी आणि चार चमचे टेबलावर मांडले आणि अर्धा तास खेळवले. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे.

"त्या चौघींतल्या तुझ्या जुन्या दोघींना सांग, सहज म्हणून," बाबा म्हणाले. "नव्या दोघींना नको. त्या बाईंनी या वर्षी घेतलेल्या, लगेच जाऊन चुगली करतील."

मी गोलकीपर, कॅप्टन आणि त्यांची मुलगी. सांगितलं मी.

मग तो रिवाजच झाला. सामन्याआधी बुटाच्या नाड्या बांधता बांधता जुन्या दोघी हळूच विचारायच्या, "सर काय म्हणाले?" आणि मी निरोप पोचवायचे. शिट्टी वाजली की बाबांच्या दोघी वर, मुकीच्या दोघी मागे, आणि मध्ये ट्रक जाईल एवढी वाट. त्या वाटेने समोरच्या संघाच्या मुली फिरायला निघाल्यासारख्या यायच्या. गोलकीपरला सगळं मैदान समोर दिसतं. मला ती वाट चौथ्या सामन्याच्या विसाव्या मिनिटालाच दिसली होती.

नव्या दोघींपैकी एकीला आम्ही काटकी म्हणायचो. प्रत्येक गोलनंतर ती मागे वळून म्हणायची, "सॉरी कॅप्टन, माझंच चुकलं." आणि मी निर्लज्जासारखी म्हणायचे, "असू दे गं."

थांबले का नाही? कारण बाबा दाढी करताना गुणगुणायला लागले होते. सामन्याच्या दिवशी ते चमचे मांडून माझी वाट बघत बसायचे. हरल्याचं ऐकून म्हणायचे, "अर्धा बचाव ऐकतो, अर्धा ऐकत नाही, मग हरणारच की!" मला तो चेहरा हवा होता. त्याच्यासाठी मी गोल खात होते.

नववा सामना हरल्यावर प्राचार्यांनी मुकीला बोलावून स्पष्ट सांगितलं: शेवटचाही गेला तर पुढच्या वर्षी येऊ नका. ऑफिसातल्या क्लार्कने ही बातमी बाबांना फोनवरून कळवली. बाबांनी जुना ट्रॅकसूट काढला आणि स्वतः इस्त्री करत बसले. आयुष्यात पहिल्यांदा.

"मला परत बोलावतील बघ," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खेळाडूंच्या यादीवर सही करायला मी मुकीच्या खोलीवर गेले. एक पलंग, एक खुर्ची, दोरीही न सोडलेली तीन खोकी. भिंतीवर नऊ कागद चिकटवलेले, नऊ सामन्यांचे, शेवटच्या सहांवर लाल पेनाने काढलेली तीच वाट.

"बस," त्या म्हणाल्या. "तू मागून सगळं बघतेस, म्हणून तुलाच विचारते. सरावात या चौघी एका रेषेत हलतात. सामन्यात फुटतात. माझं सांगणं कुठे कमी पडतंय?"

खरं सांगायची हीच वेळ होती.

"मैदान ओलं असतं," मी म्हणाले.

"सहाच्या सहा वेळा?"

मी मान डोलावली. आणि त्यांनी खरोखरच वही उघडून लिहिलं: मैदान. पुढे प्रश्नचिन्ह. त्या बाईने माझ्या थापेचासुद्धा विचार करायचं ठरवलं होतं! मी कशीबशी सही केली, खाली उतरले आणि घरी जायच्या ऐवजी त्याच गल्लीत चार फेऱ्या मारल्या. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

शेवटच्या सामन्याला निघताना बाबांनी नेहमीसारखा निरोप दिला. कपडे बदलायच्या खोलीत जुन्या दोघींनी नेहमीसारखं विचारलं.

"सरांचं आजपासून बंद," मी त्या दोघींनाच ऐकू जाईल असं म्हणाले. "चौघींनी मागे थांबायचं. बाईंनी शिकवलंय तसं."

"आणि घरी काय सांगशील?"

"ते माझं मी बघते."

बाबा इस्त्रीच्या ट्रॅकसूटमध्ये कुंपणामागे उभे होते. पाचव्या मिनिटाला सुरू झाले. "वर! वर!" जुन्या दोघींच्या माना वळल्या, पायही निघाले. तेव्हा मला कळलं की घसा मला त्यांचाच मिळालाय. "मागे!" मी किंचाळले. "तिकडे बघू नका, मागे या!" ते ओरडत होते, मी ओरडत होते, बघणाऱ्यांना वाटलं असेल की बापलेकीचं भांडण चाललंय. ते तसं होतंच. पण वाट पडली नाही. मध्यांतराला शून्य-शून्य.

त्र्याऐंशीव्या मिनिटाला कोपऱ्यातून उंच बॉल आला. पुढे येऊन तो पकडायचा होता. मी एक पाऊल टाकलं, थबकले, आणि समोरच्या मुलीने डोक्याने तो आत ढकलला. एक-शून्य. दहापैकी दहा.

प्राचार्य मैदानात आले ते थेट बाबांकडे. हात हातात घेऊन म्हणाले, "सर, तुमची उणीव फार भासली हो." मुकी पलीकडे वाकून बॉल गोळा करत होत्या. त्यांनी ऐकलं, पण मान वर केली नाही.

मी हातमोजे न काढताच तिथे गेले. "चौथ्या सामन्यापासून मी जुन्या दोघींना वेगळं सांगत होते," मी म्हणाले. "बाबा सांगायचे, मी पोचवायचे. बाईंना काहीच माहीत नव्हतं. आज नाही सांगितलं, तर आज बचाव फुटला नाही. बघितलंत ना तुम्ही?"

प्राचार्यांनी बाबांचा हात सोडला. "सर?"

"नाही म्हणजे... मी आपलं घरात, जेवता जेवता..." बाबा ट्रॅकसूटची चेन वरखाली करायला लागले.

मुकी सरळ उभ्या राहिल्या. खरं सांगते, मला वाटलं होतं की त्या निदान एक चांगला शब्द बोलतील.

"पुढच्या वर्षी मी असेन की नाही ते तुम्ही ठरवा," त्या प्राचार्यांना म्हणाल्या. "पण मी असले, तर ही नसेल."

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "तुम्ही राहा," ते म्हणाले.

"अहो, हिच्यासारखी गोलकीपर तुम्हाला शोधून..." बाबांचा आवाज चढला. मी त्यांचा दंड धरला. "बाबा, चला."

फाटकापर्यंत आम्ही दोघं एकमेकांच्या पुढेमागे चालत होतो. मागून काटकी पळत आली. डोळे सुजलेले.

"कॅप्टन, सॉरी," ती म्हणाली. "त्या मुलीला मी अडवायला हवं होतं. मी ठरवलंय, सोडते फुटबॉल. दर सामन्यात माझ्यामुळे उगाच सगळ्यांचं..."

बाबा रस्त्याकडे बघायला लागले. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, हिला सांगा. मी नाही पोचवणार. तुम्ही सांगा."

ते काटकीकडे वळले. मग म्हणाले, "ते गोल तुझ्यामुळे झाले नाहीत, बाळ. तू बाईंचं ऐकत होतीस. तुझ्या शेजारच्या दोघींना मी वर जायला सांगत होतो. तुला कळवायचं नाही, असंही मीच सांगितलं होतं."

काटकीने बाहीने डोळे पुसले. मग सावकाश माझ्याकडे वळली.

"आणि तुला माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले. "मला सगळं समोरच दिसत होतं."