न भाजणारे पाय

"पाणीच आहे ना? नीट बघा! हलवा, उलटी करा, उजेडात धरा! आहे की नाही पाणी?"

"पाणीच!" इस्त्रीखात्यातल्या बायका एका सुरात ओरडल्या.

ऊबबाबांनी ती पारदर्शक पिशवी डोक्यावर धरली, डोळे मिटले, ओठ पुटपुटले आणि पिशवी दोन्ही मुठींत दाबली. बघता बघता आतलं पाणी पांढरं झालं, गोठलं, दगडासारखं घट्ट झालं. पहिल्या रांगेतल्या बाईच्या हातात त्यांनी पिशवी ठेवली, तर तिने "आई गं, केवढी गरम!" म्हणत ती शेजारणीच्या अंगावर टाकली. ना शेगडी, ना वीज, ना काडेपेटी. बर्फासारखं गोठलेलं पाणी आणि चटके देतंय! टाळ्या थांबता थांबेनात.

हा सगळा प्रकार चालला होता एका मोठ्या धुलाई कारखान्यात. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी इथे येत, धुऊन, इस्त्री होऊन परत जात. इस्त्रीखात्यातल्या बायका दिवसभर उभ्या. संध्याकाळी पोटऱ्या आखडलेल्या, घोटे सुजलेले. त्यांनी मॅनेजरकडे स्टुलं मागितली होती आणि मधूनमधून जरा पाय मोकळे करायची सवड मागितली होती. मॅनेजरने स्टुलांऐवजी बाबा आणून दिला.

"रक्त म्हणजे कसं, घरातला आळशी जावई!" बाबा सांगत होते. "बसला की बसला. चालून, पळून त्याला उठवायला जाल तर रुसेल. चालूच नका! त्याला ऊब द्या. ही ऊब साधी नाही, जिवंत आहे. ब्रह्मांडाच्या नसेतून थेट तुमच्या नसेत!"

ब्रह्मांडाला नसा असतात हे त्या दिवशी सगळ्यांना नव्यानेच कळलं. पण विचारणार कोण?

घडीच्या टेबलावर काम करणारी एक सून मात्र चुळबुळत होती. तिला मुळात एका जागी उभं राहणं जमत नसे. चादर घडी करतानाही तिचे पाय चालूच असत. आज तर ती या दारापासून त्या खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होती, कारण तिच्या सासूबाई पहिल्या रांगेत होत्या आणि बाबा तळपायांखाली पिशव्या ठेवायला लागले होते.

एकेक बाई पाय ठेवी आणि लगेच उचली. "थोडा धीर धरा," बाबा म्हणत, "पाप जळतंय!" बायका हसत, कण्हत, पुन्हा पाय टेकवत. थोडा आराम वाटतही होता, खोटं कशाला बोला. सासूबाई मात्र पिशव्यांवर चक्क उभ्या राहिल्या. आरामात. कंबरेवर हात ठेवून.

"मावशी, चटका नाही लागत?" कुणीतरी विचारलं.

"छे! कोमटसुद्धा वाटत नाही."

क्षणभर बाबांचाही चेहरा पडला. असं काही त्यांनीही पाहिलं नसावं. पण धंद्यात मुरलेला माणूस तो! दुसऱ्याच क्षणी त्यांनी दोन्ही हात वर केले. "ही सिद्ध झाली! अग्नी हिला ओळखतो! आजपासून ही अग्निमाता! येत्या सुटीच्या दिवशी इथेच मोठा मेळावा, दुसऱ्या कारखान्यांतली माणसंही येतील. आणि माझं प्रवचन संपेपर्यंत अग्निमाता पिशव्यांवर उभी राहील!"

इस्त्रीखात्याला हे लगेच पटलं, त्याला कारण होतं. तिथे चटका न लागणं हाच मोठेपणा होता. नवी मुलगी बोट ओलं करून इस्त्री पाहायची, हाय हाय करायची, आणि जुन्या बायका खदाखदा हसायच्या. "लागतोय का अजून? मग शिकाऊ आहेस!" सासूबाई तर उभं आयुष्य इस्त्रीपुढे काढलेल्या. तापलेल्या तव्याला हात लावून बोलत राहतील अशी त्यांची ख्याती. हातांचं कसब आता पायांत उतरलं, असं सगळेच धरून चालले. सासूबाईही.

घरी आल्यावर त्या किती खूष होत्या! मुलगा ट्रक घेऊन परगावी, घरात या दोघीच. "अगं, मला स्टेजवर बोलावणार आहेत," त्या सुनेला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "आजवर मला कुणी साधं खुर्चीवर बस म्हटलं नाही."

सुनेला त्यांचा आनंद मोडवेना आणि गप्पही बसवेना. सकाळी अंथरूण काढताना तिला पायाशी चादरीवर डाग दिसला. डाग कशाचा हे ओळखण्यावरच तिचं पोट होतं. हा चहाचा नव्हता, तेलाचाही नव्हता.

"आई, पाय दाखवा."

"काही नाही गं. प्रसादाचा फोड आहे, बाबा म्हणालेच होते. उतरेल."

फोड फुटला होता. अंगठ्याखालची कातडी सुटून आलेली, आत लालबुंद.

"आई, हे भाजलंय!"

"वेडी आहेस का? भाजलं असतं तर दुखलं नसतं?"

सून कारखान्यात गेली तरी तिचं कामात लक्ष लागेना. पाणी आणायच्या निमित्ताने ती धुलाईच्या बाजूला फिरत राहिली, आणि तिथे मागच्या शेगडीवर एक भलंमोठं पातेलं रटरटताना तिला दिसलं. बाबांचा चेला पेंगत बसला होता. पातेल्यात काल दगड झालेल्या पिशव्या उकळत होत्या, आणि उकळता उकळता पुन्हा पाणी होत होत्या! ब्रह्मांडाची नस कारखान्याच्या गॅसवर होती तर. बाजूला निवत ठेवलेल्यांपैकी एक पिशवी तिने डब्यात घातली.

संध्याकाळी एकटीच परतताना बसमध्ये ती पिशवी चाचपत बसली. आत नाण्याएवढी पत्र्याची चकती लागत होती. अस्वस्थपणे बोटं चाळवताना चकती 'टक्' वाजली आणि पिशवी मांडीवरच गोठून तापायला लागली. ती दचकून उभीच राहिली. मंत्र तर तिला एकही येत नव्हता. ती पुढच्याच थांब्यावर उतरली आणि ज्या इस्पितळाच्या चादरी कारखान्यात येत, तिथल्या व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंकडे तडक गेली.

डॉक्टरीणबाईंनी पिशवी पाहिली आणि खण उघडला. खण तसल्याच पिशव्यांनी भरला होता.

"यात एक क्षार असतो, पाण्यात विरघळवलेला," त्या म्हणाल्या. "उकळून निववला की पातळच राहतो, गोठायचं विसरल्यासारखा. चकती वाजवली की त्याला सुरुवात मिळते, मग सगळा एकदम गोठतो. गोठताना आतली उष्णता बाहेर पडते. पुन्हा उकळा, पुन्हा तयार. आखडलेल्या स्नायूंना आम्हीही देतो शेक. रक्तवाहिन्या जरा रुंदावतात, बरं वाटतं. पण ते तेवढ्यापुरतं. रक्त पायांतून वर ढकलते पोटरी, आणि ती हलली तरच ढकलते. चालू नका म्हणणारा माणूस तुमचे पाय घालवेल."

"आमच्या सासूबाईंना तर चटकाच लागत नाही," सून म्हणाली.

डॉक्टरीणबाईंचा हात खणावरच थांबला. "साखर आहे त्यांना?"

"आहे. बरीच वर्षं."

"फोड आलाय?"

सुनेने मान डोलावली. डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठल्याच. "अहो, त्यांच्या पायांच्या नसा बधिर झाल्यात! चटका लागत नाही म्हणजे भाजत नाही असं नाही. भाजतंय, फक्त त्यांना समजत नाही. अशा पायांना शेक द्यायचाच नसतो. पुन्हा त्या पिशव्यांवर उभ्या राहिल्या तर पाय कापायची वेळ येईल."

सुनेने घरी येऊन सगळं सांगितलं, हात जोडले, रडली. सासूबाईंनी इस्पितळात यायला साफ नकार दिला. "तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही," एवढंच त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. ते वाक्य सुनेला फार लागलं.

सुटीच्या दिवशी कारखाना माणसांनी फुलून गेला. स्टेजवर सासूबाई नव्या साडीत बसलेल्या. जाड तळाचे बूट घातलेल्या बाबांनी पिशवी डोक्यावर धरली. "पाणीच आहे ना?"

"पाणी नाही!" सून ओरडली. ती डॉक्टरीणबाईंना घेऊन गर्दीतून वाट काढत पुढे आली आणि खणातल्या पिशव्या तिने बायकांमध्ये वाटल्या. "आत चकती आहे. मंत्र म्हणू नका, नुसती चकती दाबा!"

टक्. टक् टक्. हॉलभर टकटक सुरू झाली. पिशव्या गोठल्या, तापल्या. एक बाई म्हणाली, "अगं बाई, मीपण बाबा झाले!" हशा उसळला. डॉक्टरीणबाईंनी क्षाराचं सगळं गुपित फोड करून सांगितलं.

पण बाबा कसलेले. "पिशवी कशीही तापू दे!" ते गरजले. "अग्निमाता तर खरी आहे ना? ती कुठे भाजते? सांगा!"

हशा विरला. खरंच की! मावशी तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. गर्दी पुन्हा बाबांकडे झुकली. चेल्याने पिशव्या मांडायला घेतल्या.

सून स्टेजवर चढली आणि सासूबाईंच्या पायाशी बसली. डॉक्टरीणबाईंनी येताना तिला एक साधी परीक्षा शिकवली होती. "आई, एवढं माझं ऐका. मग तुम्ही म्हणाल ते. पदर डोळ्यांवर घ्या. मी तुमच्या पायांना बोट लावते. लागलं की 'हो' म्हणा."

"लाव," सासूबाई घुश्शातच म्हणाल्या आणि त्यांनी पदर ओढून घेतला.

सुनेने उजव्या अंगठ्याला बोट लावलं. मग करंगळीला. मग मधल्या बोटांना, एकेक करत. मग डाव्या पायाला. मागच्या रांगेतली माणसं टाचा उंचावून पाहत होती.

सासूबाई पदराआड वाट पाहत होत्या.

"अगं, कर ना सुरू," त्या वैतागून म्हणाल्या. "किती वेळ बसवून ठेवणार?"

पहिल्या रांगेतल्या बाईने तोंडावर हात घेतला. सुनेचे डोळे भरून आले. "झालं, आई," ती म्हणाली. "सगळी बोटं झाली."

सासूबाईंनी पदर काढला. सुनेचं बोट अजून त्यांच्या करंगळीवर टेकलेलं होतं. त्या बोटाकडे त्या बघत राहिल्या. मग त्यांनी समोर पाहिलं, तर इस्त्रीखात्यातल्या एकीचंही तोंड हसरं नव्हतं. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग जखमेचा पाय दोन्ही हातांनी उचलून त्यांनी सगळ्यांसमोर धरला.

"नीट बघा गं," त्या म्हणाल्या. "हे भाजलंय."

बाबा मागच्या दाराने केव्हा सटकले ते कुणी पाहिलं नाही. पातेलं तेवढं राहिलं.

जखम भरायला फार वेळ गेला, पण पाय वाचला. आता इस्त्रीखात्यात स्टुलं आहेत. बायका मॅनेजरच्या दारात जाऊन बसल्या तेव्हा आली ती. जेवणाच्या सुटीत सासूबाई खास मऊ बूट घालून सगळ्यांना टाचा वरखाली करायला लावतात, गोल फिरवतात. कुणाच्या आखडलेल्या पोटरीला शेक द्यायचा तर आधी मऊ कापड गुंडाळायला सांगतात. शेक किती गरम ते स्वतः कधी पाहत नाहीत. "मला विचारू नका, मला जाणवत नाही," असं सगळ्यांसमोर म्हणतात. इस्त्रीखात्यात असं म्हणणं किती अवघड, ते तिथे राबलेल्यालाच ठाऊक. रोज घरी गेल्यावर सून त्यांचे तळपाय उजेडात धरून तपासते, आणि त्या मुकाट्याने तपासू देतात.

परवा एका नव्या मुलीला इस्त्रीचा चटका बसला. हसतील म्हणून ती बोट लपवायला लागली. सासूबाईंनी तिचा हात नळाखाली धरला.

"लागला ना? मग चांगलं आहे. लागतंय तोवर लागतंय म्हणायचं, आणि चमत्कार दाखवणारा भेटला की पिशवीत काय आहे ते विचारायचं. उत्तर देत नसेल तर म्हणायचं, महाराज, आधी बूट काढा आणि तुमचे पाय ठेवा."