म्हशीची खपली

राहीबाईचा कोणावरच भरवसा नव्हता, आणि जीपमधून उतरणाऱ्या माणसांवर तर मुळीच नव्हता. त्या वर्षी जीपगाड्यांचा नुसता सुळसुळाट झाला होता. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती आणि आता हैदराबाद राज्याचेही तुकडे पडणार होते. कोणतं गाव मराठीकडे, कोणतं तेलुगूकडे, हे विचारायला नार्नूरच्या बाजूला रोज नवा साहेब यायचा. राहीबाईनं एकाला घरची बोली मराठी सांगितली, दुसऱ्याला तेलुगू, आणि तिसऱ्याला सांगितलं, मले ऐकूच येत नाही.

अशातच तिच्या लेकीच्या, भागाच्या, अंगावर फोड उठले. पाठोपाठ शेजारच्या कौशल्याबाईच्या पोराला, यशवंतालाही उठले. दोन्ही घरांच्या दारांना कडुलिंबाचे डहाळे लागले, फोडण्या बंद झाल्या. अंगात देवी असताना परक्यानं उंबरा ओलांडायचा नाही, असा तिथला रिवाज. गळलेल्या खपल्या कडुलिंबाच्या पानात जपायच्या आणि शेवटी दहीभातासोबत गावदेवी पोचम्माला वाहायच्या, हाही रिवाज.

डॉक्टर वामनराव आले ते उंबऱ्याबाहेरच थांबले. ते मुधोळचे होते आणि स्वच्छ मराठी बोलत होते. राहीबाईचा संशय त्यानं दुप्पट झाला. आपल्यासारखं बोलणारा माणूस सरकारनं मुद्दामच हुडकून पाठवला असणार!

डॉक्टरांनी दारातूनच भागाला निरखलं. “मला या कांजिण्या वाटतात, बाई. पण खात्री पाहिजे. देवी असल्या तर हिला नार्नूरच्या शेडमध्ये ठेवावं लागेल. तिथं सगळे देवीचेच रोगी आहेत. कांजिण्यांचं लेकरू चुकून तिथं गेलं, तर त्याला खऱ्या देवी लागतील. हिला टोचलेलं आहे का?”

टोचलेलं नव्हतं. टोचणारा आला तेव्हा राहीबाईनंच भागाला आणि यशवंताला कापसाच्या ढिगात लपवलं होतं.

“मग एक खपली द्या,” डॉक्टर म्हणाले. “मोठ्या शहरात एक यंत्र आहे. डोळ्यांना कधी दिसणार नाही असा विषाणू ते हजारो पटींनी मोठा करून दाखवतं. देवीचा विटेसारखा दिसतो, कांजिण्यांचा गोल. बघितलं की निकाल.” त्यांनी दोन्ही घरी एकेक काचेची कुपी दिली. उद्या न्यायला येतो म्हणाले.

जीप जाताच राहीबाई कौशल्याबाईच्या परसात गेली. “देवीची वस्तू या लोकायले द्याची? अंगची खपली परक्याच्या हाती गेली तर करणी होते. आन यंत्र कोनं पाह्यलं?”

“पन मांगतील न उद्या.”

“देऊ न. माह्या म्हशीच्या सडावर फोड येऊन खपल्या धरल्या हायेत. त्याच भरू कुप्यायमंदी. खपलीवर काय नाव लिवलं असते?” आणि कौशल्याबाई घाबरट म्हणून तिनं तिला बजावलं, “कोनाले सांगनार नाही म्हून माह्या भागाची आन घे.”

कौशल्याबाईनं आण घेतली.

शहरातून तार आली ती दोन्ही कुप्यांची एकच: विटेसारखा विषाणू, देवी. राहीबाईला मनातून हसूच आलं. म्हशीच्या खपलीला देवी म्हणतात! म्हणजे यंत्रबिंत काही नाही, सगळं आधीच ठरलेलं होतं.

जीपमध्ये एकाच लेकराला जागा होती. यशवंताला उचलून नेलं तेव्हा कौशल्याबाई दारात उभी राहून सारखी राहीबाईकडे बघत होती. घाबरली बिचारी, असं राहीबाईला वाटलं. तोंड उघडलं तर खोटेपणाबद्दल दोघींना धरतील, आणि न जाणो, उद्या भागाला न्यायला जीप येणारही नाही. ती गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी जीप आली. शिपायांनी भागाला उचलल्यावर मात्र राहीबाई वाघिणीसारखी आडवी झाली. “खोटं हाय तुमचं यंत्र! ते खपली माह्या म्हशीची होती! म्हशीच्या खपलीत देवी दिसते तुमाले?”

वामनरावांना आधी ते खरं वाटलं नाही. लेकरू नेताना आया काय वाटेल ते बोलतात. पण तिनं त्यांचा हात धरून गोठ्यात ओढत नेलं. म्हशीखाली वाकून त्यांनी सड पाहिले आणि ते तसेच खाली बसले.

“यंत्र खोटं नाही, बाई,” ते हळूच म्हणाले. “म्हशीलाही देवी येतात. तिच्या देवीचा विषाणूही विटेसारखाच दिसतो. त्यानं जे होतं तेच दाखवलं.” मग त्यांनी मान वर केली. “आणि त्या पोराची खपली?”

राहीबाईनं नुसतं म्हशीकडे बोट केलं.

डॉक्टर धावत सुटले. “लगेच टोचलं तर वाचेल कदाचित,” एवढं ओरडून ते जीपमध्ये बसले. भागा अंगणातच राहिली.

राहीबाई कौशल्याबाईच्या दाराशी गेली. कौशल्याबाई यशवंताच्या रिकाम्या बाजेपाशी बसली होती. तिला पाहून राहीबाईला स्वतःची इतकी लाज वाटली, की ती उलट तिच्यावरच ओरडली, “तुहं लेकरू नेऊन राह्यले होते, आन तू काऊन नाही बोलली?”

“तू बोलशील म्हून तुह्या तोंडाकडं पाहून राह्यली होती,” कौशल्याबाई म्हणाली. “मी कशी बोलनार? भागाची आन मोडली असती तर तिले काही झालं असतं न, राही.”