न पुसलेली रेघ

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. माझा एक कोपरा उडाला आहे, चौकट तारेने आवळली आहे, पण तोंड अजून शाबूत आहे. कुणाला काही येत नसले की लोक म्हणतात, 'त्याची पाटी कोरीच!' हे ऐकले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अहो, कोरी दिसणारी पाटी कितीदा तरी लिहून पुसलेली असते. तिच्या पोटात काय काय जिरले आहे, ते तिलाच ठाऊक.

मी मूळची डोंगरातली. काळ्या दगडाच्या थरात सुखाने निजले होते, तर छिन्नीने उठवले, घासूनपुसून चारचौघांत आणले आणि एके दिवशी बोरी अरबच्या बाजारात गोणपाटावर मांडले. तिथे रुपीबाईंनी मला उचलले आणि मडके पारखावे तसे बोटाने ठोकून पाहिले.

"वाजते तं चांगली," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "माह्या पोरीले पाहिजे. तडा निंघाला तं भर बाजारात बोंबलीन, सांगून ठेवतो."

रुपीबाई जवळच्या बंजारा तांड्यातल्या. त्यांचे वाडवडील बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडले होते. आता तांडा एका जागी स्थिरावून कापूस-तूर पिकवत होता. रुपीबाईंची चंदा रोज चालत बोरीच्या शाळेत जायची. महाराष्ट्र राज्य होऊन दुसरे वर्ष चालू होते आणि चंदा सातवीत होती. तांड्यातली एकही मुलगी तोवर इतकी पुढे गेली नव्हती. सातवीची फायनल पास झाली की मास्तरीण होता येत असे, आणि चंदाला दुसरे काहीही व्हायचे नव्हते.

शाळेत घनश्याम गुरुजींचा एक नियम होता. निबंध आधी पाटीवर, मग वहीवर. कागद महाग, आणि पहिल्या फटक्यात कुणालाच नीट लिहिता येत नाही, असे ते म्हणत. थुंकीने पाटी पुसणाऱ्याचा ते कान पिळत. त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

तर त्या माघात तांड्याचे नायक भावसिंग यांनी सभा बोलावली. बोरीची पाहुणेमंडळी आली होती, गुरुजीही होते. मी चंदाच्या मांडीवर होते. भावसिंगांची वाणी अशी की ऐकणाऱ्याची भाकर हातातच राहावी.

"आपन बैलावर मीठ वाह्यलं," ते म्हणाले. "आपन सारा मुलूख पायानं मोजला. पन आपल्या पोराईले अक्षर नाही. आता आपन आपली शाळा काढू. आपन त्याग करू. आपन मागं हटाचं नाही! तं चंदानं बोरीची शाळा सोडावी अन् तांड्यातल्या लेकराईले शिकवावं."

माना डोलल्या. टाळ्या पडल्या. रुपीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मित्रांनो, खरे सांगते, चंदानेही टाळ्या वाजवल्या! घरी जाताना पायवाटेवर तिचे पाऊल एकदम थांबले. टाळ्या आपण कशाला वाजवल्या, हे तिच्या तेव्हा ध्यानात आले. पुढच्या बाजारानंतर तांड्यात शाळेसाठी उभारायच्या छपरीपुढे नारळ फुटणार होता. तो फुटला की तिची फायनल गेली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी सातवीला निबंध घातला.

"भावसिंग नायकाचं भाषण. ते काय बोलले हे मले नको. कसं बोलले का साऱ्याईच्या माना डोलल्या, ते लिहा."

चंदाने पेन्सिल अशी चालवली की माझे अंग करकरले. 'नायककाका वाईट आहेत. त्यांना माझे चांगले बघवत नाही.' गुरुजींनी वाचले आणि पाटी परत दिली.

"हा तं तुहा राग झाला. भाषण कुठी हाय याच्यात?"

पुसले. दुसऱ्या खेपेला तिने दुसरे टोक गाठले. 'नायककाकांची वाणी अमृतासारखी गोड आहे. जणू सरस्वतीच त्यांच्या जिभेवर नाचते.'

"आता आरती लिहिली!" गुरुजी म्हणाले. "पोरी, त्यायचे शब्द आठव. जसेच्या तसे मांड. मंग पाह्य."

पुन्हा पुसले. नारळाचा दिवस जवळ येत होता. छपरीवर तुराट्या चढत होत्या आणि घरी रुपीबाई लेक मास्तरीण होणार म्हणून भेटेल त्याला सांगत होत्या. चंदा खाटेच्या पायाशी बसून एकेक वाक्य आठवायची, लिहायची, पुसायची. माझ्यावर ओल वाळायला वेळ मिळेना.

आणि मग एका दुपारी तिचा हात थांबला. आपन, आपन, आपन. ओळीओळीत तो शब्द बसला होता. फक्त शेवटच्या वाक्यात नव्हता. तिथे एकटी चंदा होती! तिने पहिल्या 'आपन'खाली इतक्या जोराने रेघ मारली की पेन्सिल मोडली आणि माझ्या अंगावर ओरखडा उठला. मी कळवळले. पण खोटे कशाला बोलू, त्या दुखण्याचा मला अभिमानही वाटला.

गुरुजींनी 'न'चा 'ण' केला. मग पाटी तिच्या हातात दिली.

"हा निबंध इथंच शाळेत ठेवाचा का तिथं छपरीपुढं न्याचा, ते तू ठरव," ते म्हणाले.

नारळाच्या दिवशी सगळा तांडा छपरीपुढे जमला. चंदाने मला छातीशी घट्ट धरले होते. सगळा निबंध माझ्यावर लिहिलेला, पण तिला घाम फुटला होता. माझी अक्षरे ओली होऊन तिच्या ओढणीत उतरत होती. मी ओरडणार तरी कशी?

"वाच मास्तरीण बाई," भावसिंग कौतुकाने म्हणाले. "पह्यला धडा आमाले होऊ दे."

तिने मला समोर धरले. पांढरा फराटा, बाकी काही नाही! माझ्यावर फक्त तो ओरखडा उरला होता, वर शब्द नसलेली एक रेघ. चंदा तिच्याकडे बघत राहिली. रुपीबाई मागून कुजबुजल्या, "बोल नं वं, काहून थांबली?"

"काका," चंदा म्हणाली. "तुमच्या भाषणात 'आपन' लय गोड वाटते. मीनंबी टाळ्या वाजवल्या. पन 'आपन शाळा काढू' म्हनलं, 'आपन त्याग करू' म्हनलं, अन् सोडाचं फक्त म्या. मंग त्या आपनमंदी तुमचा वाटा कोनता?"

रुपीबाईंनी तिची ओढणी खसकन ओढली. भावसिंगांचा हात नारळावर तसाच राहिला. मान वळवून त्यांनी गुरुजींकडे पाहिले, आणि त्यांचा चेहरा काही बरा दिसत नव्हता.

"गुरुजी, हे तुमी शिकवलं?"

"नाही नायक," गुरुजी म्हणाले. "भाषण तुमचं होतं. तिनं ते नीट ऐकलं."

मला वाटले, आता माझे तुकडे होणार. भावसिंगांनी नारळ खाली ठेवला.

"मंग तूच सांग, पोरी. माहा वाटा कोनता?"

"माही फायनल होईस्तोर लेकराईले बोरीच्या शाळेत पोचवा. तुमच्याकडं दमणी गाडी हाय. फायनल झाली का इथं मी शिकवीन. वचन देतो."

"दमणी हाय, बैलबी हायेत," भावसिंग मिशीवर हात फिरवत म्हणाले. "पन रोज हाकनार कोन?"

मागे बसलेल्या म्हाताऱ्या हंसाबाईंनी तोंडातली सुपारी बाजूला सारली.

"आपन!"

अख्खा तांडा हसला. आधी तोंड फिरवून, मग उघडउघड, आणि सगळ्यांत शेवटी भावसिंग. दुसऱ्या सकाळी दमणी बोरीला निघाली. आत लेकरांचा कालवा, आणि पुढे पागोटे बांधून, बैलांना शिव्या देत खुद्द नायक.

चंदा फायनल पास झाली. वचनाप्रमाणे छपरीत शाळा भरली आणि माझे नशीब फळफळले. पुढे मुलांच्या हाती वह्या आल्या, तशी मी मागे पडले. एक उन्हाळा तर मी ताकाच्या मडक्यावर झाकण होऊन काढला. कोपरा तिथेच उडाला. वाईट वाटले, खूप वाटले. मग एके दिवशी चंदाबाईंनी मला ओळखले, धुतले आणि पुन्हा वर्गात नेले. आता मुले माझ्या ओरखड्यावरून बोट फिरवतात आणि विचारतात, "बाई, या रेघेवर काय लिहिलं होतं?" बाई सांगत नाहीत. "तुमीच शोधा," म्हणतात आणि पेन्सिल हातात देतात.

म्हणून मित्रांनो, जुन्या पाटीला झाकण करू नका. लिहिलेले पुसायला भिऊ नका, पण पुसण्याआधी एकदा वाचा. आणि कुणी गोड आवाजात 'आपण' म्हणाले, तर टाळी वाजवण्याआधी जरा बघा, त्यात बोलणारा आहे का.