सायलीची नखं

वनमालाबाईंची व्हॅन पोचते तोवर अख्खं गाव त्या जागेवरून फिरून गेलेलं असतं. रक्तावर कुणीतरी राख टाकलेली असते, अंगण सारवलेलं असतं, आणि ज्या दगडानं घाव घातला तोच दगड सावलीला सरकवून पोलीस पाटलाला बसायला दिलेला असतो. बीडला फॉरेन्सिकच्या व्हॅनवर येऊन त्यांना चौदा वर्षं झाली. सुरुवातीला त्या भांडायच्या. हल्ली मुकाट्यानं हातमोजे चढवतात, उरलंसुरलं कागदी पाकिटात भरतात आणि वरातीमागून आलेल्या घोड्यानं तक्रार करू नये, अशी स्वतःची समजूत घालतात.

सायलीच्या वेळी तर व्हॅनला कुणी बोलावलंच नव्हतं. चोवीस वर्षांची पोर, सासर कडा गावाकडचं. जिन्यावरून पडली आणि डोकं फुटलं, असं सासरच्यांनी सांगितलं. नवरा अमरसिंह, घरात राजकारण, फोन फिरवायला माणसं भरपूर. अकस्मात मृत्यूची नोंद झाली आणि त्याच संध्याकाळी सासरच्या शेतात तिला अग्नीही दिला. तिसऱ्या दिवशी सायलीची आई सुंदरबाई ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली आणि उठेना, तेव्हा कुठं कागद हलले. चौथ्या दिवशी ते वनमालाबाईंच्या टेबलावर आले.

कागदांत कामाच्या दोनच गोष्टी होत्या. अमरसिंहच्या मानेवर तीन ओरखडे होते. उसाच्या पाल्यानं कापलं, असं त्याचं म्हणणं. उसाचा पाला बारीक कापतो आणि पन्नास ठिकाणी कापतो, हे या जिल्ह्यात शेंबड्या पोराला ठाऊक असतं. दुसरी गोष्ट शवविच्छेदनाच्या अहवालातली एक ओळ होती : नखे स्वच्छ. डॉक्टरांनी ती कापून पाकिटात ठेवली होती खरी, पण स्वच्छ नखांतून प्रयोगशाळा तरी काय काढणार?

वनमालाबाई त्या ओळीशी अडल्या. सकाळपासून शेण काढणारी, भाकरी थापणारी, भांडी घासणारी बाई, आणि नखं स्वच्छ? त्यांनी स्वतःच्या नखांकडं पाहिलं. कडेला कालच्या वरणाची हळद अजून होती.

"बंकट, ही कुणीतरी साफ केलीत," त्या म्हणाल्या. "सासरच्यांशिवाय कोण करणार?"

बंकट म्हणजे तपास ज्याच्या गळ्यात पडला होता तो हवालदार. "मंग आता काय घावतंय मॅडम? बैल गेला आन् झोपा केला."

"दवाखान्यात बॉडीजवळ आई होती ना? तिला विचारू. कुणी हात लावला ते तिनं बघितलं असेल."

सुंदरबाईचं गाव लिंबागणेशच्या अलीकडं होतं. सुतकाचं घर, चहा विचारायची पद्धत नाही, म्हणून बंकटचा चेहरा दारातच उतरला. सुंदरबाई भिंतीला टेकून बसली होती. पन्नाशीची, काटक बाई. चार दिवसांत रडून रडून आवाज पार बसला होता.

"मावशी, दवाखान्यात सायलीजवळ कोण कोण आलं होतं?"

"कुणी बी न्हाई. डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलते. पोलीस चहाला गेलता. आमी दोघीच हुतो, तीन घंटे. सासरची मान्सं भाईर गाडीत बसलीती."

"तिच्या हातांना कुणी हात लावला का? नखं कुणी साफ केली?"

"मीच की," सुंदरबाई म्हणाली. तिच्या बसक्या आवाजात त्या दिवसांतला पहिला अभिमान होता. "अहेव गेली माझी लेक. चिरफाड झाल्यावर ते तिकडूनच नेणार, माझ्या हाती कावून देतील? म्हणून तितंच मळवट भरला, हिरव्या बांगड्या घातल्या. नखात लई काळं साठलंतं. देवाच्या दारी घाण हातानं कशी धाडू? साडीच्या पिनीनं एकेक बोट साफ केलं."

वनमालाबाईंना एकदम फार दमल्यासारखं झालं. चौदा वर्षांत त्यांनी पुरावा बुजवणारे नाना तऱ्हेचे लोक पाहिले होते, आणि त्यांच्यावर चिडायची त्यांना सवय होती. इथं चिडायचं कुणावर? बंकट खाली बघून पेनचं टोपण उघडझाक करत राहिला.

"काय झालं? कावून विचारता?"

"असंच, मावशी. नोंद करावी लागते." आणि मग, काही हाती लागायचं नाही हे ठाऊक असताना, त्यांनी विचारलं, "ती पिन कुठंय?"

"हाय की, भाईर." मढ्याच्या अंगाला लागलेली वस्तू घरात घेत नाहीत, दहाव्याला पाण्यात सोडतात. सुंदरबाईनं अंगणातल्या खुंटीकडं बोट केलं. तिथं कापडाचं एक लहानसं गाठोडं टांगलं होतं. "कुकू, उरल्याल्या बांगड्या, पिन, समदं त्याच्यातच. ज्या चिंधीला पिन पुसली ती बी. आज चौथा दिस. आजून सा दिस हायत."

वनमालाबाईंनी मोजे चढवून गाठोडं कागदावर सोडलं. भिंग लावलं. पिनेच्या वेटोळ्यात तपकिरी काहीतरी अडकलं होतं. चिंधीवर दहा छोटे डाग होते, एकेका बोटाचा एकेक. दोन डागांत सालीसारखं बारीक काही दिसत होतं. पीठ नव्हतं, शेण नव्हतं.

त्या बंकटला बाजूला घेऊन गेल्या.

"जप्ती करू," बंकट कुजबुजला. "पन मॅडम, सुंदरबाईच्या घरून पिन मिळाली, एवढंच लिवतो. का, कशी, ते कशाला? पंचनामा तिला वाचून दाखवावा लागंल. त्या बाईला कळलं तर ती मरंल."

"नुसत्या पिनेला कोर्टात काय किंमत, बंकट? कुणाच्या हातून आली, कुठून आली, हे नसलं तर वकील पहिल्या दिवशी ती खिडकीबाहेर फेकेल."

"आन् आईनंच साफ केली म्हणलं तर फेकनार न्हाई?"

"तरी फेकेल कदाचित. पण मग निदान खरं आहे ते फेकेल."

बंकटला दोन मुली होत्या, हे वनमालाबाईंना माहीत होतं. न सांगता पिन उचलून न्यावी आणि या बाईला तिचा अभिमान ठेवू द्यावा, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण मग अमरसिंहच्या मानेवर उसाचा पालाच राहिला असता.

शेजारचे मुंजाजी आणि शाळेतले एक मास्तर पंच म्हणून बसले. बंकटनं मोबाईलवर चित्रीकरण लावून दिलं आणि लिहायला घेतलं. पिन एका पाकिटात, चिंधी दुसऱ्यात. पाकिटांवर पंचांच्या सह्या, दोऱ्याच्या गाठीवर लाखेची मोहोर. सगळं झाल्यावर वाचून दाखवायची पाळी आली. बंकटनं कागद पुढं सरकवला.

"तुमीच वाचा मॅडम."

त्यांनी वाचलं. एकही शब्द गाळला नाही. मयताच्या नखांतील मळ शवविच्छेदनापूर्वी मयताची आई हिने सदर पिनेने काढला. सदर मळात झटापटीच्या वेळी लागलेली संशयिताची त्वचा असण्याची शक्यता असल्याने...

सुंदरबाईनं हात वर केला. "त्वचा म्हंजी?"

"कातडी, मावशी."

"त्याची?"

"असू शकते. तपासल्याशिवाय सांगता येत नाही."

तिनं स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले.

"म्हंजी तिनं धरून आनलंतं," ती म्हणाली. "मरता मरता नखात धरून आनलंतं माझ्यापतूर. आन् म्या उकरून काढलं."

"काढलंत. पण टाकलं नाहीत, मावशी." वनमालाबाई म्हणाल्या. "तुम्ही जपलंत म्हणून आज हातात काहीतरी आहे."

"हे पोचंल का?"

वनमालाबाई हो म्हणाल्या नाहीत. मुद्देमालाच्या खोलीत वर्षानुवर्षं पडून राहिलेली पाकिटं त्यांनी पाहिली होती. "मी उद्या स्वतः प्रयोगशाळेत नेऊन देते," एवढंच त्या म्हणाल्या.

सुंदरबाईला सही येत नव्हती. बंकटनं शाईचा पॅड पुढं केला. तिनं अंगठा टेकवला, कागदावर दाबला, उचलला. सवयीनं तिचा दुसरा हात पदराकडं गेला आणि मध्येच थांबला.

पाकिटं पेटीत गेली, पेटीला कुलूप लागलं, पंच उठून गेले. व्हॅन सुरू झाली तरी ती दारात उभी होती, काळा अंगठा अंगापासून लांब धरून. वनमालाबाईंनी काच खाली केली.

"काय झालं, मावशी?"

"मॅडम," तिनं विचारलं, "ह्यो पुसू का आता?"